वाळूत दडणारी शेवंड

शेवंड म्हटली म्हणजे किनाऱ्यावरील माणसाच्या डोळ्यांपुढे चाबकासारख्या लांब शृंगिका उभ्या राहतात. परंतु तिची एक चुलत बहीण अशी आहे की, तिला ना असल्या शृंगिका, ना खेकड्यासारख्या नांग्या. तिच्या शृंगिकांच्या रुंद फळ्या झाल्या आहेत आणि सारे अंगच पायाखाली दबल्यासारखे चपटे आहे. इंग्रजीत तिला ‘स्लिपर लॉब्स्टर’, म्हणजे सपाता-शेवंड म्हणतात. मुंबईच्या समुद्रातील जातीचे शास्त्रीय नाव थीनस युनिमॅक्युलेटस. जुन्या पुस्तकांत मात्र ती थीनस ओरिएंटॅलिस म्हणून सापडेल.

दिवसा ती वाळूमिश्रित चिखलात अंग पुरून घेते. कवचाच्या दोन्ही कोपऱ्यांवर बसविलेले डोळे तेवढे वर राहतात. रात्री ती शिंपल्यांच्या शोधात निघते. नांगीवाचून शिंपला उघडावयाचा कसा? पायांची अणकुचीदार टोके ती फटीत पाचरीसारखी खुपसते, एका जोडीने फट धरून ठेवते आणि दुसरीने आतील मांस मोकळे करते.

मादी हजारो नारिंगी अंडी पोटाखाली वागविते. त्यांतून निघणारा डिंभ पानासारखा चपटा व काचेसारखा पारदर्शक असतो. कित्येकदा तो जेलीफिशवर स्वार होऊन प्रवास करतो आणि भूक लागली की त्या वाहनाचाच घास घेतो!

असा हा जीव मुंबईच्या समुद्रात मुबलक होता. १९७८ च्या सुमारास ट्रॉलरच्या जाळ्यांत त्याची मोठी पकड होऊ लागली आणि १९९४ पर्यंत ती जवळजवळ संपली. खडकाळ कपारीत राहणाऱ्या शेवंडीपर्यंत हे जाळे सहसा पोहोचत नाही; पण हिचे घर म्हणजे सपाट तळ, आणि तोच जाळ्याने खरवडला जातो. पिले व अंडीवाल्या माद्याही त्यातून सुटल्या नाहीत.

२००३ साली केंद्र शासनाने निर्यातीकरिता हिचे किमान वजन १५० ग्रॅम ठरविले. नियम चांगला, तरी आमच्या मते अपुरा. पोटाखाली अंडी आहेत की नाहीत, हे तराजूला कळत नाही. जाळे वर येते तेव्हा मादी बहुधा जिवंत असते, तिला तेथेच समुद्रात सोडता येते. बाजारात गृहिणींनीही शेवंड उलटी करून पाहावी. शेपटीखाली नारिंगी वा तपकिरी दाण्यांचा घोस दिसला, तर ती घेऊ नये आणि विक्रेत्याला त्याचे कारणही सांगावे.