थोड्या मुक्कामाचा सदुपयोग

प्रवासी जहाजातून सागरपर्यटन करण्याची हौस आपल्या मध्यमवर्गात अलीकडे वाढीस लागली आहे, आणि तिच्यात गैर असे काहीच नाही. परंतु जहाज एखाद्या परक्या बंदरात आठ-दहा तासांचा मुक्काम करते, तेव्हा त्या अल्प अवधीचा विनियोग कसा करावा याचा जितका विचार व्हावयास हवा, तितका तो होत नाही. जहाजावरील सहलींच्या यादीत नाव नोंदवावे, मोठ्या बसमध्ये जागा धरावी आणि सहा-सात स्थळांपुढे छायाचित्रे काढून सायंकाळी परत यावे, हा बहुतेकांचा शिरस्ता आहे. माझे मत असे की, ज्यांना शक्य असेल त्यांनी तीन-चार जणांत मिळून एक स्वतंत्र मोटार ठरवावी, ती चालविणारा मनुष्य परवानाधारक आणि त्याच भूमीत वाढलेला असावा, आणि दिवसभरात दोन, फार तर तीन ठिकाणे मन लावून पाहावीत.

मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर याचा उत्तम दाखला आहे. बंदराच्या काठालाच आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी रद्द झाल्यानंतर उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेण्यास 1834 साली प्रारंभ केला, आणि पुढील सुमारे नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातील लोकही होते. 2006 साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या या घाटावर पाहण्यासारखे म्हणजे काळ्या दगडाच्या अवघ्या सोळा पायऱ्या आणि काही जुन्या इमारतींचे अवशेष. घाईच्या सहलीत अशा स्थळाच्या वाट्याला दहा मिनिटे आली तर नवल नाही, कारण तेथे डोळे दिपविणारे काहीच नाही. परंतु ज्याचे पूर्वज याच पायऱ्यांवरून नोंदणीच्या कचेरीकडे गेले, असा मनुष्य शेजारी उभा राहून बोलू लागला, म्हणजे त्या दगडांपुढून हलणे कठीण होते.

आम्ही स्वतः तेथे अशीच एक मोटार ठरविली होती. घाटावरून गंगा तलाव या हिंदूंच्या तीर्थस्थानाकडे जाताना तिच्या चालकाने उसाच्या एका शेतापाशी, आम्ही सांगितले नसताना, गाडी कडेला घेतली. हिरव्यागार उसाच्या मध्येच काळ्या धोंड्यांच्या पुरुषभर उंचीच्या राशी रचलेल्या होत्या. हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झालेले असल्यामुळे येथील जमीन धोंड्यांनी भरलेली होती, ते धोंडे मजुरांनी हातांनी उपसून बाजूला रचले आणि मगच या मातीत ऊस उभा राहिला, असे त्याने सांगितले. आपल्या आजोबांच्या तळहातांविषयी तो बोलला, आणि मजुरांची नावे, गावे नोंदलेले जुने दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहे, हेही त्यानेच सांगितले. ज्या देशात गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते, त्या देशाशी आपले नाते कोणत्या श्रमांतून जडले, हे त्या राशींपाशी मला जितके स्पष्ट कळले, तितके कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नसते. अशा जागी थांबण्याची मुभा वेळापत्रकाने बांधलेल्या बसला नसते, मग तिच्यातील मार्गदर्शक कितीही जाणता असो.

या पद्धतीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप रास्त आहे. जहाजाने स्वतः योजलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. खासगी मोटारीने गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. म्हणून जहाजावर परतण्याची जी मुदत दिली असेल, तिच्या निदान दोन तास अगोदर बंदरात पोहोचावयाचे, हे चालकाला निघतानाच बजावावे. जहाजावरील घड्याळ आणि बंदरावरील घड्याळ यांत फरक नाही ना, हे पाहून घ्यावे. दूरचे स्थळ आधी व जवळचे शेवटी ठेवावे. आणि भाडे किती, त्यात प्रतीक्षेचा वेळ धरला आहे की नाही, हे आगाऊ लिहून घ्यावे. एकदा कबूल केलेल्या रकमेवर मात्र शेवटी घासाघीस करू नये. हजारो प्रवासी बंदरात उतरले तरी त्यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा जहाजावरच राहतो. जो मनुष्य आपल्याला स्वतःचा देश दाखवितो, त्याच्या हाती त्याच्या श्रमाचे पूर्ण मोल पडावे, यात उपकार नाही, न्याय आहे.

थोडा मुक्कामही किती फलदायी होऊ शकतो, याचे उदाहरण याच बंदराने पाहिले आहे. 1901 साली दक्षिण आफ्रिकेहून मुंबईस परतणाऱ्या गांधीजींचे जहाज येथे थांबले, तेव्हा तो वेळ त्यांनी किनाऱ्यावर उतरून तेथील लोकांची स्थिती जाणून घेण्यात घालविला. पुढे 1907 साली त्यांच्याच प्रेरणेने बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले आणि मजुरांच्या बाजूने न्यायालयांत उभे राहिले. गांधीजींचा तो मुक्काम आपल्यापेक्षा दीर्घ होता हे खरे, आणि प्रत्येक प्रवाशाकडून अशा कार्याची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु ज्या भूमीवर आपण पाऊल ठेवतो, तेथील माणसांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकणे, एवढे तर प्रत्येकाच्या हातचे आहे.

म्हणून सागरसफरीचे तिकीट काढतानाच आपल्या प्रवाससंस्थेला विचारावे की, बंदरावर विश्वासाचा स्थानिक चालक मिळण्याची सोय आहे काय. आणि संस्थांनीही असे पत्ते स्वतःहून प्रवाशांना पुरवावेत. पाहिलेल्या स्थळांची यादी त्यामुळे तोकडी होईल, ती होऊ द्यावी. एका देशाची दोन स्थळे जाणून घेऊन परतणारा प्रवासी, सात स्थळे केवळ ओलांडून आलेल्या प्रवाशापेक्षा, त्या देशाविषयी अधिक खरे बोलू शकतो.