हौशी रसिकाची वही

ज्यानें एखाद्या विषयाची परीक्षा दिली नाहीं त्यानें त्या विषयावर लेखणी उचलूं नये, असा एक दंडक आमच्या सुशिक्षित मंडळींत रूढ होत चालला आहे. गाण्यावर गवयानें लिहावें, काव्यावर समीक्षकानें. आणि वाइनवर कोणी लिहावयाचेंच झालें तर तें धंद्यांत मुरलेल्या परीक्षकानें. हौशी माणसानें प्यावें (तेंही पडद्याआड) आणि गप्प बसावें! हा दंडक आम्हांस मान्य नाहीं. परंतु तो मोडून लिहूं लागलेल्या हौशी लेखकांची रीतही आम्हांस पसंत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

मुळांत मद्यावर लिहावेंच कशाला, असें विचारणारे वाचक आहेतच. गडकऱ्यांच्या सुधाकराचें नांव त्यांच्या ओठांवर तयार असतें. व्यसनाची भीति खरी आहे व तिची थट्टा आम्ही करणार नाहीं. पण ज्या नाशिक जिल्ह्यांत आज वाइनसाठीं द्राक्षमळे लावले जातात, तेथील या पदार्थाविषयीं मराठींत एक तर उपदेश असावा नाहीं तर जाहिरात असावी, तिसरें कांहीं असूंच नये, ही स्थिति भाषेला शोभणारी नव्हे.

हें तिसरें लेखन कसें असतें, तें जॉर्ज सेंट्सबरी यांनीं दाखविलें आहे. हे गृहस्थ १८९५ ते १९१५ पर्यंत एडिंबरो येथें इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक होते. ते मद्याचे व्यापारी नव्हते, मळेवालेही नव्हते. आपल्या तळघरांत आलेल्या बाटल्यांची नोंद ते एका साध्या वहींत ठेवीत, आणि त्या वहीच्या आधारें त्यांनीं १९२० सालीं 'नोट्स ऑन अ सेलर-बुक' हें पुस्तक लिहिलें. तोंवर प्रकृतीमुळें तें तळघर हातचें गेलें होतें. त्यांत पोर्ट व क्लॅरेट यांच्या पंक्तीला बिअर आणि सायडर यांनाही पाट मांडलेला आहे. पुस्तक पाल्हाळिक आहे, लहरी आहे; पण त्यांतील प्रत्येक मतामागें एक बाटली आहे आणि ती लेखकानें पदरचे पैसे देऊन घेतलेली आहे.

"हें स्मरणरंजन झालें, यांत ज्ञान कोठें आहे?" असा तज्ज्ञांचा आक्षेप येईल. तर मग तज्ज्ञांच्या ज्ञानाकडेही पाहूं. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकानें, जो स्वतः एका छोट्या मद्यशाळेचा मालक, कॅलिफोर्निया राज्याच्या स्पर्धेंत २००५ पासून परीक्षकांपुढें एकाच बाटलींतील वाइन, न सांगतां, तीन वेळां ठेवविली. आपल्या मतावर स्थिर राहिलेला परीक्षक दहांत एखादाच निघाला. उत्तरपत्रिका तपासण्यांत आमची हयात गेली आहे. आम्हांस या गोष्टीचें फारसें नवल वाटलें नाहीं.

यावरून रसपरीक्षा हें सगळें थोतांड आहे असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातीच्या वाइनला कधीं कधीं ढबू मिरचीचा वास येतो, हा कल्पनाविलास नव्हे; पायराझिन नांवाचें द्रव्य दोहोंतही असतें. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा दर्प येतो, त्यासही रासायनिक कारण आहे. वास खरे आहेत. खोटा असतो तो उसना शब्द. बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्यें गंधहीन लाल रंग मिसळून दिला, तेव्हां त्यांनीं तिचें वर्णन लाल वाइनच्या शब्दांनीं केलें. हा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. शिकलेल्यांची जर ही गत, तर ज्यानें ब्लॅककरंट किंवा गूसबेरी जन्मांत हुंगलेली नाहीं, त्या पुण्यामुंबईच्या हौशी लेखकानें हीं नांवें आपल्या टिपणांत पेरावीं, याला काय म्हणावें? जांभूळ, कैरी, आमसूल, पावसाळ्यांतील ओली माती हीं त्याच्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहेत. तीं टाकून तो परक्याची झूल पांघरतो, आणि हौशी माणसाची एकुलती एक मिळकत, म्हणजे स्वतःची साक्ष, घालवून बसतो.

गुण देण्याचा मोह हा दुसरा रोग. मेरिलँडचे वकील रॉबर्ट पार्कर यांनीं १९७८ सालीं मद्यावर आपलें वार्तापत्र काढलें तें जाहिरात न घेतां, गिऱ्हाइकाच्या बाजूनें. हा बाणा अस्सल हौशी होता. पण त्यांच्या शंभर गुणांच्या पट्टीनें पुढें असा अंमल बसविला कीं, बोर्दोचे मळेवाले त्यांचा आंकडा येईपर्यंत भाव सांगण्यास थांबूं लागले. आज आमचे हौशी लेखक त्यांचा बाणा सोडून पट्टी तेवढी उचलतात.

आम्हींही एक वही ठेविली आहे. नाशिकच्या एका सोव्हिन्याँ ब्लाँपुढें तींत एवढेंच लिहिलें आहे: "पिकलेला पेरू. दुसऱ्या दिवशीं फिकी." एका स्नेह्यांनीं ती नोंद पाहून 'पेरू' हा शब्द खोडावा व तेथें 'पॅशनफ्रूट' लिहावें, असें सुचविलें. तें फळ आपण खाल्लें आहे काय, असें आम्हीं विचारलें. त्यांनीं खाल्लें नव्हतें.