धागा: कंपन्यांना जबाबदारीची जाणीव कुणी करून दिली?

१/ व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक पिरॅमिड हमखास दाखवला जातो. तळाशी नफा, त्यावर कायद्याचे पालन, त्यावर नीती आणि शिखरावर समाजकार्य. आर्ची कॅरोल यांनी तो १९९१ साली मांडला. वर्गीकरण म्हणून त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते त्याचे इतिहास म्हणून होणारे वाचन: कंपन्या आधी केवळ नफा पाहत, पुढे प्रगल्भ झाल्या आणि आता शाश्वततेच्या शिखरावर पोचल्या. या कथेला माझी हरकत आहे. या पायऱ्या कंपन्या सहसा आपणहून चढलेल्या नाहीत. कुणीतरी त्यांना वर ढकलले आहे, आणि ढकलणारा हात सैल पडला की त्या खाली घसरल्या आहेत.

२/ सुरुवात मुंबईपासून करू. १८८० च्या सुमारास इथल्या गिरण्यांत कामाचा दिवस सूर्य ठरवीत असे. उजेड झाला की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा १०० किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. त्याने ७ वर्षांखालील मुलांना कामाची मनाई केली आणि ७ ते १२ वयाच्या मुलांचे तास ९ वर आणले. प्रौढांच्या तासांबद्दल अवाक्षर नव्हते.

एवढ्यावरही ओरड झालीच. मँचेस्टरला मुंबईची स्पर्धा नको म्हणून हा कायदा आला, असे गिरणीमालक आणि त्यांची बाजू घेणारी वृत्तपत्रे सांगत. आरोप निराधार नव्हता. लँकशायरचा स्वार्थ त्यात होताच. पण स्वार्थी माणसाने बोट दाखवले म्हणून साच्याखाली राबणारे सात वर्षांचे मूल खोटे ठरत नाही.

३/ मग नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि ५,००० हून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या पाहा: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. आजच्या कोणत्याही शाश्वतता अहवालातले ‘कर्मचारी कल्याण’ हे प्रकरण उघडा. त्याचा कच्चा खर्डा तुम्हाला इथे मिळेल. तो ज्यांनी लिहिला त्यांतल्या बहुतेकांना सहीऐवजी अंगठाच उठवता येत असणार.

सहा वर्षे गेली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती पक्की केली आणि स्त्रियांचा दिवस ११ तासांवर आणला. (दर जूनमध्ये व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘लोखंड्यांनी देशाला रविवार दिला’ हा संदेश थोडा सैल आहे. साहेबांच्या कचेऱ्यांना रविवार आधीपासूनच होता. गिरणीला नव्हता, आणि लोखंड्यांची थोरवी नेमकी तिथेच आहे.)

४/ आता कुणीतरी टाटांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात ८ तासांचा दिवस १९१२ साली आला. देशाचा कायदा तिथे १९४८ साली पोचला. मोठी गोष्ट आहे. पण त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली संप झाले. आणि १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी, पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेही टाटांच्याच वीज कंपनीचे होते. एकच समूह, एकच काळ. गावांनी नकार दिला तेव्हा व्यवसायाची नीती त्या नकारापाशी थांबली नाही, धरण झालेच.

५/ आता भोपाळ, कारण आजच्या ‘व्यवस्थापन प्रणालीं’ची वंशावळ तिथून जाते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि निसटलेला वायू जाळणारी ज्योतवाहिनी जोडलेलीच नव्हती. लक्षात घ्या, तपासणी झालेली होती! १९८२ साली मातृकंपनीच्याच तज्ज्ञांनी येऊन धोके लिहून ठेवले होते. कागद होता, टाचणी होती, फाइल होती.

भोपाळनंतर दोन गोष्टी समांतर घडल्या. आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण जोडले गेले, आणि दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले. तिकडे कॅनडाच्या रसायन उद्योगाने १९८५ साली ‘रिस्पॉन्सिबल केअर’ ही स्वेच्छा आचारसंहिता काढली. पुढे अमेरिकेनेही ती उचलली. किंग आणि लेनॉक्स या दोन अभ्यासकांनी २००० साली अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तेव्हा संहिता स्वीकारलेल्या कंपन्या न स्वीकारलेल्यांपेक्षा हळू सुधारत असल्याचे दिसले.

६/ याच वळणावर १९९६ साली आयएसओ १४००१ आले. ही प्रणाली विचारते: धोरण लिहिले का, उद्दिष्ट ठरवले का, तपासले का, सुधारले का? नदीत किती सांडपाणी सोडायचे याची मर्यादा ती घालत नाही. ती मर्यादा कायदा घालतो; प्रणाली फक्त कायदा पाळण्याची बांधिलकी नोंदवून घेते. आणि प्रमाणपत्र देणाऱ्याची फी प्रमाणपत्र घेणारा भरतो. परीक्षार्थीच परीक्षकाचा पगार देतो, असा हा कारभार आहे.

७/ याचा परिणाम? ११ सप्टेंबर २०१२, कराची. अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि २५० हून अधिक माणसे गेली. आग लावली गेली होती, असे न्यायालयाने नंतर ठरवले. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचे प्रमाणपत्र मिळालेले होते.

पुढच्याच एप्रिलमध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला. १,१०० हून अधिक मृत्यू. तिथून मात्र गाडी रुळावर आली, आणि कशाने ते पाहण्यासारखे आहे. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, तपासणी स्वतंत्र अभियंत्यांची होती आणि निष्कर्ष जाहीर होत. परळच्या सभेतले तेच दोन घटक: संघटित कामगार आणि अंमलात येऊ शकणारा कागद.

८/ आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावते. त्यातून शाळा झाल्या, शौचालये झाली, चांगलेच झाले. पण उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, हा प्रश्न ते कलम विचारत नाही.

९/ शेवटी एकच आकडा. किमान किती कामगार असले की यंत्रशक्तीवरच्या जागेला कायदा ‘कारखाना’ म्हणतो? १८८१: १००. १८९१: ५०. १९२२: २०. १९४८: १०. जवळजवळ सत्तर वर्षे दर पिढीने तो आकडा खाली ओढला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो पुन्हा २० झाला, आणि निरीक्षकाच्या पदनामात ‘सुविधाकर्ता’ जोडले गेले. त्यानंतर दोनेक वर्षांत सेबीने सूचिबद्ध अशा वरच्या १,००० कंपन्यांना शाश्वततेचा तपशीलवार अहवाल सक्तीचा केला. आपल्या पुरवठादारांपैकी किती जणांच्या हजेरीपटावर नेमके १९ कामगार आहेत, असा रकाना मला त्यात आढळला नाही.