साक्षीदारांना न्याय कोण देणार?

१६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे एल साल्वादोरच्या राजधानीतील मध्य अमेरिकी विद्यापीठाच्या आवारात सैनिक शिरले आणि येशूसंघाच्या सहा धर्मगुरूंना त्यांनी ठार केले. विद्यापीठाचे प्रमुख फादर इग्नासिओ एयाकुरिया, मानसशास्त्रज्ञ फादर मार्टिन-बारो, समाजशास्त्रज्ञ फादर सेगुंदो मोन्तेस हे त्यांतले. सहापैकी पाच मूळचे स्पॅनिश. फादर होआकिन लोपेस तेवढे एल साल्वादोरचेच. त्याच रात्री तेथे आणखी दोन जीव गेले. घरकाम पाहणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची किशोरवयीन मुलगी सेलिना. शहरात लढाई पेटलेली. स्वतःच्या घरापेक्षा फादरांच्या आश्रयाला अधिक सुरक्षित राहू, अशा भरवशाने त्या मायलेकी तेथे मुक्कामाला आल्या होत्या.

त्यांचा अपराध कोणता? संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ च्या मार्चमध्ये उत्तर दिले. लष्करातील वरिष्ठांचा हुकूमच होता की एयाकुरियांना संपवा आणि मागे साक्षीदार ठेवू नका.

या हत्येबद्दल १९९१ साली एक कर्नल व एक लेफ्टनंट दोषी ठरले होते. परंतु आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या पाच दिवसांत तेथील विधिमंडळाने सार्वत्रिक माफीचा कायदा केला आणि ते दोघेही सुटले. बारा वर्षांच्या यादवीत सुमारे ७५ हजार माणसे मेली. आयोगाकडे २२ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्या साऱ्यांवर एका कायद्याने माती लोटली.

येथे काही सज्जन आम्हांला थांबवतील. म्हणतील, ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, जुनी थडगी उकरू नयेत.’ आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने घाव सोसला त्याचा, की ज्याने घाव घातला त्याच्या सोबत्यांचा? प्रायश्चित्त संस्कारातसुद्धा पश्चात्ताप लागतो, स्वमुखाने पाप कबूल करावे लागते, भरपाईची तयारी लागते. यांपैकी एकही गोष्ट न करता मारेकऱ्याने स्वतःलाच दिलेली माफी ही क्षमा नव्हे, क्षमेची विटंबना होय. येशूसंघाने या प्रकरणी आपला क्रम वारंवार सांगितला आहे: आधी सत्य, मग न्याय, मग क्षमा. आम्हांला तो मान्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, परक्या देशाने यात नाक का खुपसावे? पण ज्या घरात खून झाला त्याच घराने दाराला आतून कडी घातली, तर मृतांच्या आप्तांनी शेजाऱ्याचे दार ठोठावू नये काय? २००८ साली मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी स्पेनच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. एल साल्वादोरने आपल्या अधिकाऱ्यांचे प्रत्यार्पण नाकारले. परंतु तत्कालीन सार्वजनिक सुरक्षा उपमंत्री कर्नल इनोसेन्ते मोन्तानो हे अमेरिकेत राहत होते. २०१७ साली अमेरिकेने त्यांना स्पेनच्या हवाली केले आणि ११ सप्टेंबर २०२० रोजी माद्रिदच्या न्यायालयाने त्यांना १३३ वर्षांहून अधिक कैद सुनावली. एकतीस वर्षांनी का होईना, हुकूम देणाऱ्यांच्या वर्तुळातील एक माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मधल्या काळात, २०१६ साली, एल साल्वादोरच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो माफीचा कायदा घटनाबाह्य ठरवला. शेजाऱ्याचे दार ठोठावणे अगदीच वाया जात नाही!

तरीही या निकालाने आमचे समाधान झालेले नाही. ती शिक्षा केवळ पाच स्पॅनिश फादरांच्या खुनांबद्दल आहे. उरलेल्या तिघांच्या मृत्यूलाही मोन्तानो जबाबदार असल्याचे न्यायालयाने नोंदवले. पण प्रत्यार्पणाची मंजुरीच पाच खुनांपुरती असल्याने त्या तिघांसाठी शिक्षा देता आली नाही. म्हणजे एकाच रात्री, एकाच हुकमाने आठ माणसे मेली आणि न्यायाच्या तराजूत पाचच तोलली गेली! साक्षीदार उरू नयेत म्हणून ज्यांना मारले, त्या एल्बा आणि सेलिना निकालपत्रातही दाराबाहेरच राहिल्या. स्पेनने २०१४ साली आपल्या कायद्याला कात्री लावली, तेव्हापासून तर परदेशातील बळी आपल्या राष्ट्राचा आहे की नाही, या प्रश्नाला अधिकच वजन आले आहे.

आम्ही त्या न्यायाधीशांना दोष देत नाही. हाती असलेल्या कायद्याने त्यांनी शक्य तितके केले. आमचे भांडण आहे ते माणसाची किंमत त्याच्या पारपत्रावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेशी. एयाकुरियांना ही व्यवस्था मानवली नसती. परदेशात जन्मलेल्या या माणसांनी आपले आयुष्य तेथल्या एल्बांसाठी वेचले होते. त्यांना न्याय आणि एल्बाला केवळ सहानुभूती, हा त्यांच्याच हौतात्म्याचा उपमर्द आहे.

आपलीही माणसे आखातात, जहाजांवर, परक्यांच्या घरांत राबत असतात. त्यांच्यात एयाकुरिया थोडे, एल्बाच अधिक. त्यांच्यातला कोणी छळाने मेला, तर चौकशी झालीच पाहिजे असे आपण ठणकावून सांगितले पाहिजे. मात्र तो आवाज आपल्या माणसापाशी थांबता कामा नये. आपल्या भूमीवर परदेशी मजुराचा छळ झाला, तरी तो तितकाच चढला पाहिजे. नाहीतर आपण न्याय मागत नसून केवळ आपला हिस्सा मागत आहोत, असे होईल.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या सहा फादरांची नावे पुष्कळ वेदींवरून घेतली जातात. यंदा आपण आठ नावे घेऊ या, आणि त्या मायलेकींची सर्वांत आधी.