विश्लेषण : ताठरतेची गोळी आणि छातीतल्या कळेची गोळी एकत्र का चालत नाही?

मेडिकलमधली गर्दी ओसरेपर्यंत थांबायचं, हळूच गोळीचं नाव सांगायचं आणि पुडी खिशात टाकून निघायचं. इरेक्टाइल डिस्फंक्शन, म्हणजेच लिंगाला पुरेशी ताठरता न येणं, या समस्येवरची गोळी अनेक पुरुष अशीच घेतात. या व्यवहारात एक प्रश्न बहुतेकदा राहून जातो : हृदयाचं कोणतं औषध सुरू आहे का?

गोळी आली कुठून?

सिल्डेनाफिल हे मुळात छातीतल्या कळेवरचं औषध म्हणून तपासलं जात होतं. त्याचा वेगळाच परिणाम लक्षात आला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ‘व्हायग्रा’ला मंजुरी मिळाली. भारतात २००५ पर्यंत औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळायचं. त्यामुळे इथल्या कंपन्यांना स्वस्त जेनेरिक गोळ्या बनवता आल्या. जेनेरिक म्हणजे कमअस्सल नव्हे. औषध तेच, त्यामुळे परिणाम आणि दुष्परिणामही तेच.

दुष्परिणाम कोणते?

डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, अपचन हे नेहमीचे. काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. ताठरता चार तासांहून जास्त टिकली, अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, तर लगेच हॉस्पिटल गाठावं. असं क्वचितच होतं, पण झालं तर थांबून चालत नाही.

खरा धोका कुठे?

हृदयविकाराच्या अनेक रुग्णांच्या घरी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी असते. ती नायट्रेट गटातली. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळतात.

आता कल्पना करा, रात्री छातीत दुखायला लागलं. घरचे घाईघाईनं जिभेखाली गोळी ठेवतात. संध्याकाळी कोणती गोळी घेतली होती, हे त्यांना माहीतच नसतं. लाजेपोटी लपवलेली गोष्ट अशा वेळी जिवावर बेतू शकते.

नियम काय सांगतो?

भारतात ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ५० मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीविना मिळते, पण फार्मासिस्ट आधी तब्येतीची आणि चालू औषधांची चौकशी करतो. आपल्याकडे नियम कडक असूनही चौकशीच होत नसेल, तर त्या नियमाचा रुग्णाला उपयोग काय?

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’?

अमेरिकेच्या एफडीएला ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत लपवलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलं आहे. म्हणजे हृदयरुग्ण नकळत तेच औषध घेत असतो.

मग करायचं काय?

डॉक्टरांना हृदयाच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांबद्दल सगळं सांगा. छातीत दुखलं, तर अॅम्ब्युलन्समध्येच सांगा की ही गोळी घेतली आहे आणि किती वाजता घेतली. आणखी एक गोष्ट : लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळा आधी तिथे जाणवू शकतो. मधुमेह किंवा हृदयविकाराची ती पहिली खूण असू शकते. गुपचूप गोळी घेतली, तर ती खूण झाकली जाते आणि तपासणी राहून जाते.