जुना लॅपटॉप भंगारात काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि देशभरातील कितीतरी चालते लॅपटॉप एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. तो नसलेल्या यंत्रात बिघाड काहीच नसतो. तरीही थोरल्या भावंडाकडून आलेल्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नवा घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही.

मात्र ‘लिनक्स टाक’ एवढेच सांगणेही अपुरे आहे. हलकी डिस्ट्रो निवडताना बहुतेक चर्चा ‘सुरू होताच किती रॅम खाते’ या एकाच निकषाभोवती फिरते. पपी किंवा अँटीएक्स अत्यल्प रॅममध्ये उभी राहतात, हे खरे. परंतु ब्राउझरमध्ये व्हिडिओ-व्याख्यान आणि चार टॅब उघडले, की ती बचत कुठच्या कुठे जाते. आजचा खरा भार वेबपानांचा आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: सुरक्षा-अद्यतने किती काळ मिळणार? उबुंटूच्या दीर्घ-आधार आवृत्तीला ती पाच वर्षे मिळतात, पण तिच्याच कुटुंबातील हलक्या लुबुंटूला तीनच. म्हणजे लुबुंटू २४.०४ ची मुदत एप्रिल २०२७ मध्ये संपते. लिनक्स मिंट २२ ची एप्रिल २०२९ पर्यंत आहे. म्हणून ४ जीबी रॅमच्या यंत्रासाठी मी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवेन. २ जीबी असेल, तर एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसह डेबियन १३.

डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, हे वाचून अनेकजण उगाच माघार घेतात. ३२-बिट विंडोज असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांतला प्रोसेसर मुळात ६४-बिट असतो. २००६ चा कोअर २ ड्युओसुद्धा तसाच आहे. (त्याच्या आधीचा नुसता ‘कोअर ड्युओ’ मात्र ३२-बिट. नावातल्या एका आकड्याने बराच घोळ घातला आहे.) आणि यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी साधी एसएसडी बसवा. डिस्ट्रो बदलून मिळणाऱ्या वेगापेक्षा हा फरक पुष्कळदा मोठा असतो.

हा केवळ हौशी मंडळींचा उद्योग नव्हे. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरात आहे; सी-डॅकची ‘बॉस’ डेबियनवरच उभी आहे. देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलकही या प्रणालींत उपलब्ध असतो, तेव्हा मराठी टंकलेखन अडत नाही.

काहीही पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून प्रणाली ‘लाइव्ह’ चालवून वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा. फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. अभ्यासक्रमात ऑटोकॅड असेल किंवा ऑनलाइन परीक्षेचे सॉफ्टवेअर विंडोजच मागत असेल, तर आधी महाविद्यालयात विचारा; तिथे पर्यायी संगणक मिळत नसेल, तर विंडोज काढू नका, लिनक्स तिच्या शेजारी बसवा.