काट मारण्याआधी अवयव पाडा

मूल आठवीत गेले की पुष्कळ घरांतून एक वाक्य ऐकू येते, "बीजगणित ना? बाबा आले की त्यांना विचार." आणि वही संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहते. आईने इतक्यात माघार कशाला घ्यायची? बालभारतीच्या २०१८ च्या पुस्तकातल्या 'गुणोत्तरीय बैजिक राशी' म्हणजे आपले जुने अपूर्णांकच. अंकांच्या सोबतीला अक्षरे आली, एवढेच!

मुले अडखळतात ती बहुधा काटाकाटीत. वर-खाली सारखे दिसले की मारली काट! (क्ष + ६) / क्ष यातले दोन्ही क्ष खोडून उत्तर लिहितात ६. आमच्या रत्नागिरीत वैशाखात हे समजावणे सोपे जाते. ३ घरांत ३ पेट्या आणि ६ सुटे आंबे वाटायचे आहेत. प्रत्येक घरी एक पेटी गेली, पण सुटे आंबेही वाटायलाच हवेत ना? बेरजेतला एकच तुकडा कापता येत नाही. कापायचा तो गुणाकारातला अवयव.

भागाकार असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त हाच नियम सांगितला आहे. त्यामागचे कारण स्वयंपाकघरातलेच. ३ किलो रव्याच्या अर्ध्या किलोच्या पुड्या किती? सहा. म्हणजे अर्ध्याने भागणे आणि दोनाने गुणणे एकच.

आता एक उदाहरण वहीत मांडून पाहा :

पहिली राशी : (क्षवर्ग − ९) / ५क्ष
हिला भागायचे : (क्ष − ३) / १०

दुसरी उलटी करा. क्षवर्ग − ९ चे अवयव (क्ष + ३)(क्ष − ३). आता (क्ष − ३) ला (क्ष − ३) ची काट, १० ला ५ ची. उत्तर : २(क्ष + ३) / क्ष.

बरोबर आले का? ताळा पाहा. क्ष = ६ धरा. पहिली राशी ९/१०, दुसरी ३/१०, भागाकार ३. उत्तरातही ६ घाला : १८ भागिले ६, म्हणजे ३. जुळले! मात्र इथे क्ष ० किंवा ३ धरू नका. शून्याने भागता येत नाही.

ताळा जुळला नाही तर कुठेतरी चूक आहेच. जुळला तरी आणखी एक किंमत घालून खात्री करून घ्या. सूत्रे विसरलेल्या आईलाही एवढे सहज जमते, आणि "आईला काय कळतंय" हे वाक्य घरातून हळूहळू नाहीसे होते.